एक्केचाळिसाव्या पानाचा ताळा

सुकापूर, नवीन पनवेल
८ जुलै २०२५

प्रिय प्रणित,

अनेक आशीर्वाद. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू नुसतं ‘हो काकू, हो काकू’ म्हणतोस आणि मागून कुणीतरी तुला मीटिंगला बोलावत असतं. कागद निदान टेबलावर पडून तरी राहतो.

सरांना जाऊन नोव्हेंबरात वर्ष होईल. तुझ्या वर्गातला सुशांत आठवतो ना? जुन्या पनवेलात त्याचा छापखाना आहे. तो म्हणतो, वर्षाच्या आत सरांच्या वह्यांचं पुस्तक काढू. नाव सरांनीच देऊन ठेवलंय: ‘मोजण्याच्या आधी’. एकशे बारा पानं मी टाईप केली. एकाहत्तराव्या वर्षी कॉम्प्युटरवर मराठी टायपिंग शिकले. मान धरली, चष्म्याचा नंबर वाढला, आणि समोरच्या टॉवरचं काम सकाळी आठला सुरू होतं ते डोकं उठवतं. असो.

सोबत टाईप केलेली प्रत आहे आणि मूळ वहीच्या झेरॉक्सही आहेत. आमची पद्धत तुला माहीत असेलच, तरी सांगते. उत्तरपत्रिकांचे उरलेले कोरे कागद सर कॉलेजातून घरी आणायचे आणि त्यावर खरडायचे. मी ते लांब वहीत उतरवायचे, उतरवताना प्रत्येक पायरी स्वतः करून बघायचे आणि ताळा जुळला की कोपऱ्यात लाल पेनाने ‘व.’ करायचे. मी शाळेत नववी-दहावीला गणित शिकवणारी बाई, मला त्यांचं क्वांटम कळत नसे. पण डावी बाजू आणि उजवी बाजू सारखी आहे का, एवढं कुठलंही गणित असलं तरी कळतं. ‘व.’ पडल्याशिवाय ते पुढचं पान लिहायचे नाहीत.

प्रस्तावना तुझीच हवी. तू याच विषयात नाव काढलंस. पण एक अट आहे. लिहिण्याआधी सगळं ताळा करत वाच, आणि सहावं प्रकरण जरा जास्तच नीट वाच. घाई नाही असं लिहिणार होते, पण आहे.

तुझी,
वसुंधराकाकू


बंगळूर
२ ऑगस्ट २०२५

प्रिय काकू,

नमस्कार. उशीर झाला, माफ करा. इथे दोन समित्यांवर आहे, त्यातली एक दुसरीचं काम तपासते. हल्ली क्वांटम म्हटलं की सगळ्यांना संगणक हवा असतो. कण म्हणजे नेमकं काय, मोजण्याच्या आधी तो असतो कसा, असं विचारणारा विद्यार्थी आला की आम्हीच त्याला सांगतो, बाबा, आधी गणित कर, नोकरी मिळव. मी स्वतः सांगतो. पूर्वी सांगताना लाज वाटायची, आता तीही वाटत नाही.

वही वाचली. पहिली पाच प्रकरणं फारच सुंदर आहेत. इतकं सरळ मराठीत हा वाद कुणी मांडल्याचं माझ्या वाचनात नाही. प्रत्येक पानावर तुमचं ते लाल ‘व.’ बघून भरून आलं.

एक सुचवू का? ही पाच प्रकरणं आणि आम्हा विद्यार्थ्यांच्या आठवणी मिळून छान पुस्तक होईल. सहाव्यापासून पुढचं फार तांत्रिक आहे, सामान्य वाचकाला झेपणार नाही. ते मागाहून वेगळं काढू. सुशांतशी मी बोलतो.

तब्येत सांभाळा. मानेला गरम पाण्याची पिशवी लावा.

आपला,
प्रणित


सुकापूर
१० ऑगस्ट २०२५

प्रिय प्रणित,

मानेचं राहू दे. सुशांतशीही काही बोलू नकोस. आठवणी म्हणे! सरांना आठवणींची पुस्तकं आवडत नसत. ‘हरभऱ्याच्या झाडावर चढवून वरून फोटो काढतात’ म्हणायचे.

सहावं प्रकरण नसेल तर उरलेली पाच कशाला? नुसतं भांडण मांडायचं आणि निकालाच्या दिवशी कोर्टाला सुट्टी? तुला नव्याने सांगायला नको, पण मला मुद्दा कळलाय हे तुला कळावं म्हणून लिहिते.

सर तुम्हा पोरांना पळस्प्याच्या फाट्यावर नेऊन उभं करायचे. एक रस्ता गोव्याला, एक पुण्याला. म्हणायचे, ‘एसटी आली आणि ट्रकच्या आड गेली. कुठल्या रस्त्याने गेली ते आपल्याला दिसलं नाही. म्हणून ती दोन्ही रस्त्यांनी गेली असं म्हणायचं का? आपण बघेपर्यंत तिचा रस्ता ठरलाच नव्हता, असं म्हणायचं का?’ मग तूच एकदा म्हणालास म्हणे, ‘सर, पण कणांच्या बाबतीत पुण्याचा रस्ता बंद केला की गोव्याला पोचणाऱ्यांचा हिशेबही बदलतो. मग गाडी एकाच रस्त्याने गेली असं कसं म्हणायचं?’ त्या दिवशी घरी येऊन ते जेवले नाहीत. खुशीत होते म्हणून जेवले नाहीत.

त्यांचं म्हणणं एवढंच होतं. कुणी बघो न बघो, जे आहे ते आहेच. एकत्र जन्मलेले दोन कण कितीही लांब गेले तरी एकमेकांची खबर ठेवतात, हे प्रयोगांनी दाखवलंय; ते त्यांनी मुकाट्याने मान्य केलं. पण ‘आपण मोजतो तेव्हाच वस्तुस्थिती जन्माला येते’ हे त्यांना मान्य नव्हतं. मोजण्याच्या आधी खरीखुरी वस्तू आहे असं धरूनही प्रयोगांत येतात तेच आकडे मिळतात, हे कागदावर करून दाखवायचं होतं. ते सहाव्या प्रकरणात आहे. सातवं, आठवं, नववं त्याच्यावर उभं आहे. आणि सहावं सगळं उभं आहे पान ४१वर.

तू ‘तांत्रिक’ म्हणालास. मी चौतीस वर्षं मास्तरकी केली. मुलं ‘बाई, पोट दुखतंय’ म्हणायची तेव्हा गृहपाठ झालेला नसायचा, एवढं मला कळतं. म्हणून सरळ विचारते. पान ४१ बरोबर आहे की नाही? एका शब्दात कळव.

तुझी,
वसुंधराकाकू


बंगळूर
१८ सप्टेंबर २०२५

प्रिय काकू,

तुमचं पत्र महिनाभर बॅगेत घेऊन फिरलो. राग मानू नका.

मध्ये एका परिषदेला गेलो होतो. या विषयात काम करणारे आम्ही तीसेक जण दरवर्षी जमतो. शेवटच्या दिवशी गंमत म्हणून हात वर करून मतं मोजतात. कुणी म्हणतं, मोजण्याने वस्तुस्थिती घडते. कुणी म्हणतं, प्रत्येक शक्यतेचं एकेक जग असतं. कुणी सरांसारखं म्हणतं, वस्तू आधीपासूनच आहे. काही जण म्हणतात, हा प्रश्नच विचारू नये. वीस वर्षं जवळजवळ तेच हात तसेच वर होताना बघतोय, फक्त हातांवरचे केस पांढरे होत चाललेत. या वेळी माझा हात वर गेलाच नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

पान ४१ बरोबर आहे, काकू. निश्चिंत राहा.

प्रस्तावना जोडली आहे. ‘प्रा. दिनानाथ यांनी या ग्रंथात मांडलेला युक्तिवाद मूलगामी आणि विचारप्रवर्तक असून मराठी विज्ञानलेखनात मोलाची भर घालणारा आहे’ अशी सुरुवात आहे. काही बदल हवा असेल तर कळवा.

आपला,
प्रणित


सुकापूर
५ ऑक्टोबर २०२५

प्रणित,

विचारप्रवर्तक! दहावीचे पेपर तपासताना गणित पार चुकलेलं असलं की आम्हीसुद्धा मायेने ‘प्रयत्न चांगला’ लिहायचो.

आता माझं ऐक. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

पान ४१ दोन हजार नऊच्या एप्रिलमधलं आहे. रविवारची दुपार होती. सासूबाई अंथरुणाला खिळून दोन वर्षं झाली होती. त्यांचं आवरून मी बोर्डाच्या पेपरांचा गठ्ठा घेऊन बसले होते, दिवसाला पंचवीस पेपर तपासायचे होते. हे आतून धावत आले. ‘वसू, सुटलं! बघ.’ मी कागद घेतला आणि वहीत उतरवला. ताळा करायला निदान दोन तास लागले असते. मला उठून सासूबाईंची कूस बदलायची होती. मी न बघता ‘व.’ केलं. सव्वीस वर्षं प्रत्येक पान बघितलं होतं आणि त्या दिवशी कंटाळा आला. खरं सांगते, दमले होते म्हणणं सभ्य दिसेल, पण कंटाळा आला होता. त्यांच्या कणांचा, त्यांच्या आनंदाचाही.

म्हटलं, उद्या बघू. दुसऱ्या दिवशी त्यांनी पेढे आणले. पेढे खाल्ल्यावर कसं बघणार? मग ते सातव्या प्रकरणाला लागले आणि मला त्या पानाची भीती बसली. सातव्यापासून पुढची पानं मी प्रामाणिकपणे तपासली. पण चाळीसवरून माझी नजर थेट बेचाळीसवर जायची. या वर्षी टाईप करतानासुद्धा मी आकडे उतरवले, गणित वाचलं नाही. तीन वेळा त्यांनी मला विचारलं होतं, ‘एक्केचाळीस नीट बघितलंयस ना गं?’ तिन्ही वेळा मी हो म्हणाले. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा नाकात नळी होती.

म्हणून तुझ्याकडे पाठवलं. कुणीतरी एकदा बघावं, एवढीच इच्छा होती. तू मला जपलंस. लहान मुलाला डॉक्टर ‘दुखणार नाही हं’ म्हणतो तसं.

तुझ्या ‘निश्चिंत राहा’नंतर मीच बसले. आधी घरातली सगळी भांडी घासून घेतली. मग सोळा वर्षांनी ते पान उघडलं. अर्धा तास लागला, प्रणित. दोन तासही नाही.

सातव्या ओळीत दोन राशींच्या गुणाकाराची सरासरी आहे. आठव्या ओळीत ती त्या दोन सरासरींचा गुणाकार झाली आहे. हे कधी चालतं? दोन्ही राशी एकमेकींपासून सुट्या असतील तेव्हाच. मी सोपे आकडे घेऊन ताळा केला. समज, एका दिवशी सरांनी एक कप चहा घेतला आणि मी एक. दुसऱ्या दिवशी त्यांनी तीन घेतले आणि मी तीन. दोघांची सरासरी दोन-दोन, गुणाकार चार. पण रोजचा गुणाकार केला तर एक आणि नऊ, त्यांची सरासरी पाच. चार आणि पाच सारखे नाहीत. आम्ही चहा एकत्र प्यायचो, म्हणून माझे कप त्यांच्या कपांना बांधलेले होते.

जोडीतल्या कणांचं सगळं भांडणच या बांधलेपणाचं, आणि नेमकं तिथे यांनी त्यांना सुटं धरलं. सहावं प्रकरण गेलं. त्याच्याबरोबर पुढची तिन्ही गेली. त्यांची पंधरा वर्षं गेली.

अजून एक. मूळ कागद शोधताना ४१ नंबरच्या कागदाला टाचणीने लावलेलं एक कार्ड सापडलं. बर्फातलं चर्च आहे, परदेशी तिकीट आहे. फेब्रुवारी २०१०. ‘सर, तुमचं पान नीट पाहिलं. अगदी बरोबर आहे. असंच पुढे चालू ठेवा. प्रणित.’

माझा ‘व.’ आणि तुझं कार्ड, एकाच टाचणीत. माझं मी सांगितलं. तुझं तू सांग.

वसुंधराकाकू


बंगळूर
२७ ऑक्टोबर २०२५

प्रिय काकू,

दिवाळीत घरी आलो होतो. बाबा काम करायचे ते मिठागर आता उरलं नाही, पण त्या वाटेवर गाडी थांबवून तुमचं पत्र पुन्हा वाचलं. तुमच्याकडे यायचं म्हणून सुकापूरपर्यंत आलो. तुमच्या बिल्डिंगखाली पंधरा मिनिटं गाडीत बसलो आणि परत फिरलो. आई विचारत होती, ‘काकूला भेटलास का नाय?’ मी खोटं बोललो. सवय झाली आहे.

ते पान मी तेव्हा पाहिलं नव्हतं. एक पान तपासायला पाठवतोय, असं सरांनी फोनवर सांगितलं होतं. त्यांचं पाकीट आलं तेव्हा माझी तिकडची दोन वर्षांची नोकरी संपत आली होती, पुढची मिळत नव्हती. पाकिटावर सरांचं अक्षर पाहिलं आणि मनात आलं, आता हे वाचायचं, मग समजावून सांगायचं, मग ते पुन्हा लिहिणार. पाकीट न फोडता कार्ड लिहिलं. पाकीट कुठल्यातरी घरबदलात गेलं. जुलैमध्ये तुमची झेरॉक्स आली तेव्हा ते पान मी पहिल्यांदा बघितलं. आठव्या ओळीपाशी दहा मिनिटांत थांबलो. काकू, तेव्हा पाकीट फोडलं असतं तर सरांना त्याच आठवड्यात कळवता आलं असतं. त्यांचं वय एकोणसाठ होतं. त्यांनी दुसरी वाट शोधली असती.

मला वाटलं, तुमच्याकडून ते पान नकळत सुटलं असेल. तुम्हाला आता या वयात कशाला सांगायचं? असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे चुकीबद्दल बोलणं निघालं असतं तर कार्डाबद्दल निघालं असतं.

बाबा मला पहिल्यांदा सरांकडे घेऊन आले तो दिवस तुम्हाला आठवतो? तुम्ही दार उघडलंत. बाबा चपला हातात धरून उभे होते. म्हणाले, ‘सर, आमी मिठागरावरची मान्सा. पोराला काय येतंय का नाय, तुमी बगून सांगा.’ सरांनी माझी बारावीच्या चाचणीची वही घेतली आणि तिथेच उभ्याने पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बघितली. तासभर. बाबाही तासभर उभे. शेवटी सर म्हणाले, ‘याला येतं. पण चौदाव्या पानावर चुकलाय.’ मी शिकलो तो त्या एका तासामुळे. आणि त्यांचं एक पान माझ्याकडे आलं तर मी ते बघितलं नाही.

प्रस्तावना फाडून टाका. पुस्तकाचं तुम्ही म्हणाल तसं करू. सहाव्यापासून पुढचं काढायचं असेल तर काढू.

एक सांगतो, आणि हे तुम्हाला बरं वाटावं म्हणून नाही. आठवी ओळ दुरुस्त केली की एक जादाचं पद उरतं. त्या दिवशी ते उडालं म्हणून सरांना वाटलं सुटलं. ते ठेवलं तर पुढे काय होतं मला माहीत नाही. गेले दहा दिवस करतोय, जमत नाही. पण बऱ्याच वर्षांनी काहीतरी जमत नाही म्हणून जागेवरून उठवत नाहीये.

प्रणित


सुकापूर
२ नोव्हेंबर २०२५

प्रिय प्रणित,

खाली पंधरा मिनिटं बसलास आणि वर आला नाहीस, याचा राग मला कार्डापेक्षा जास्त आला आहे. चकली केली होती. आता मऊ पडली.

तुला माफ करायचं की नाही ते मी ठरवलेलं नाही. मला कोण करणार आहे ते आधी ठरू दे. चार रात्री मी त्यांच्या फोटोपुढे काहीबाही बोलले. फोटो काय बोलणार? पाचव्या दिवशी उठले आणि वही काढली, कारण दुसरं काही सुचेना.

सुशांतला निरोप दिला आहे. पुस्तक नऊच्या नऊ प्रकरणांसकट निघेल. एक ओळ काढायची नाही. चूक खोडून पुस्तक काढलं तर तेही न बघता केलेली सहीच होईल. पान ४१ मात्र टाईप केलेलं नाही घ्यायचं, वहीतल्या मूळ पानाचा फोटो घ्यायचा. त्यावर कोपऱ्यात दोन हजार नऊचं माझं ‘व.’ आहे. ते तसंच ठेवून खाली मी परवा नव्या लाल पेनाने लिहिलं. अक्षर वाचता येतं.

‘ताळा जुळत नाही. आठवी ओळ चूक. पुढची सगळी पानं या ओळीवर उभी आहेत, हे ध्यानात ठेवून वाचावीत. वर सही आहे ती न बघता केलेली आहे. – व.’

त्याच्याखाली तुझ्यासाठी जागा सोडली आहे. तुझ्या कार्डाबद्दल तू तुझ्या हाताने लिही. प्रस्तावना म्हणून तेवढंच पुरे.

अठरा तारखेला वर्ष होतं. आदल्या दिवशी ये. खालून फोन न करता वर ये. ते जादाचं पद घेऊन ये. सरांच्या टेबलावर मी उत्तरपत्रिकांचे उरलेले कागद काढून ठेवले आहेत, अजून दीडेकशे असतील. तू खरड, मी उतरवीन. मला आता एका पानाला दोन तास लागतील की चार, सांगता येत नाही. पण ‘व.’ बघूनच पडेल.

जमलं नाही तर नाही जमलं. तुम्ही तीस जण हात वर करता, त्यात मला पडायचं नाही. कणांचं खरं काय ते मला कळलेलं नाही, आणि कागदावरची चूक म्हणजे कण नव्हे, हेही मला कळतं. तू तेच म्हणशील म्हणून आधीच लिहिलं.

पण काल दुपारी वही मिटताना हसू आलं, वर्षभरात पहिल्यांदा. ही आठवी ओळ सोळा वर्षं चुकलेली होती. मी बघितली नाही, तू बघितली नाहीस, आणि ज्यांनी लिहिली त्यांना आपण दोघांनी बघू दिलं नाही. तरी ती होती. तिथेच, तशीच, सातव्या ओळीच्या खाली.

ते असते तर आधी माझ्यावर भयंकर चिडले असते. दोन दिवस बोलले नसते. तिसऱ्या दिवशी चहाचा कप घेऊन आले असते आणि म्हणाले असते, वसू, मी इतकी वर्षं दुसरं काय सांगत होतो?

तुझी,
वसुंधराकाकू